प्रश्न चौदावा

दुभाष्याचा पहिला नियम : ‘ती म्हणते’ म्हणायचं नाही.
तिनं ‘मी’ म्हटलं की आपणही ‘मी’ म्हणायचं.
इंग्रजी क्रियापदाला लिंग नसतं, ते एक बरं.
माझ्या घोगऱ्या आवाजात तिचं वाक्य
उसन्या कोटासारखं बऱ्यापैकी बसतं.

स्केग्नेस. नोव्हेंबर. लायब्ररीच्या माडीवरची खोली.
खाली किनाऱ्यावर गाढवांच्या फेऱ्या बंद,
आकाशपाळण्यावर ताडपत्री.
टेबलावर सरकारी पत्रक : ‘तुमचे हक्क’,
अकरा भाषांत. मराठी त्यांत नाही,
म्हणून मी आहे. लेस्टरहून, तासावर.

नाव? सुवार्ता उजागरे.
अर्थ काय, हॉलिंग्ज बाईंनी सहज विचारलं,
खोली थोडी सैल व्हावी म्हणून.
चांगली बातमी, मी सांगितलं.
कुणी हसलं नाही.

संगमनेर. मिशनच्या दवाखान्यात नऊ वर्षं.
मी एजंटाला चौदा लाख दिले, मी म्हणालो.
त्यात आईच्या पाटल्या, भावाची रिक्षा.
माझा पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात आहे, मी म्हणालो.
एका खोलीत आम्ही पाच जणी,
भाडं पगार हातात यायच्या आत कापलेलं.
आणि गेल्या मार्चात
इथं ती थांबली.
नियम दुसरा : गप्प बसण्याचं भाषांतर करायचं नाही.
हीटर टकटकत राहिला.

प्रश्न चौदावा : हवं तेव्हा तुम्ही नोकरी सोडून जाऊ शकता का?
मराठीत विचारला तर तो वेगळाच ऐकू आला,
नांदायला गेलेल्या मुलीला माहेरच्यांनी विचारावा तसा.
ती म्हणाली, दाराला कुलूप नाही हो साहेब.
दार कुठं उघडतं ते विचारा.
मी इंग्रजी केलं. ‘हो साहेब’ गाळलं.
फॉर्मवर चौकोन दोनच : होय. नाही.
बाईंचं पेन मध्येच अधांतरी.

बाई चांगल्या आहेत, हे लिहायला हवं.
स्वतःच्या डब्यातली बिस्किटं त्यांनी पुढे केली होती.
म्हणाल्या, आम्ही तुमच्या बाजूनं आहोत.
या लोकांचं लायसन रद्द होईल.
मग दुसरा मालक शोधायला तुम्हाला साठ दिवस.
मी शब्दाला शब्द ठेवला.
सुवार्ता पेरांवर मोजू लागली,
अंगठा डिसेंबर ओलांडून गेला, जानेवारीत अडला.

नाही मिळाला तर?
तर नियमाप्रमाणे.
नियमाप्रमाणे काय?
बाई माझ्याकडे बघत राहिल्या,
जणू उत्तर माझ्याच भाषेत कुठंतरी पडलं असेल.

आगीतून फुफाट्यात, ती पुटपुटली.
फुफाट्याला तिकडे शब्द नाही.
इंग्रज कढईतून आगीत पडतो;
त्याचं जिथं संपतं, तिथं आपलं सुरू होतं.
हे बाईंना सांगायचं नसतं. मी कढई म्हणालो.

आणखी काही?
हो, ती म्हणाली. सहा नंबरमधले पिकरिंग आजोबा
टोस्ट बोटांएवढा उभा कापला तरच खातात.
मी नसले तर कुणाला तरी सांगून ठेवा.
त्याला फॉर्मवर जागा नव्हती.
बाईंनी समासात लिहिलं, आडवं, बारीक अक्षरात.

परतीच्या गाडीत बिल भरलं : तीन तास दहा मिनिटं,
थांबण्याचा वेळ वेगळा.
बायकोचा फोन आला. कसा गेला दिवस?
दमले, मी म्हणालो.
ती हसली.
काचेपलीकडे कोबीचं शेत, ट्रॅक्टरचा दिवा,
आणि त्या उजेडात ओळीनं वाकलेली माणसं,
कोणत्या भाषेतली, ते गाडीतून कळेना.