नमनाला घडाभर

तीन रात्री झाल्या, गेम अजून सुरू नाही.
तिकडं राज्य राक्षसांनी पोखरलंय म्हणे,
राजा मरून पडलाय सिंहासनाशेजारी,
आणि मी इथं शुक्रवार पेठेत, पंख्याखाली,
गवत किती उंच असावं ते ठरवतेय.

एकशे बारा मॉड उतरवले.
चोपन्न ठेवले. रात्रीत परत एकसष्ट झाले.
ताहिर मुल्लानं शाहूपुरीत बसून हे मशीन जुळवलं,
जुनं कार्ड, नवा पंखा, बाजूचं झाकण नाही.
जाताना म्हणाला, "ताई, क्रम तेवढा सांभाळा.
दोन मॉडनी एकाच दगडाला हात घातला
की शेवटी लागलेल्याचं खरं."
म्हणजे मागून आली आणि तिखट झाली.
हे मला शिकवायला नको,
आईला तीन जावा आहेत.

बायकांच्या चिलखताला पोटावर भोक पाडणारे
सत्तावीस मॉड मोजले मी.
ज्यांनी केले त्यांनी जन्मात वेल्डिंग केलेलं नाही.
उद्यमनगरात, आबांच्या शेडमध्ये, एक ठिणगी
माझ्या कॉलरमधून आत गेली होती.
डाग अजून आहे, दाखवणार नाही.
मी बंद गळ्याचं लोखंड घेतलं.

दुपारी एक ते चार दुकानं बंद ठेवणारा मॉड
बघितल्या बघितल्या घेतला.
लोहार जेवून आडवा होतो,
दारात ड्रॅगन आला तरी फळी उघडत नाही.
असल्या राज्यासाठी लढायला बरं वाटतं.

घोडा न मरणारा: घेतला.
सोबती न मरणारा: घेतला, काढला,
चहा करून आणला, परत घेतला.
कोळी गायब करणारा: नको, कोळ्यांशी माझं वैर नाही.
भूक लागणारा, थंडी वाजणारा, चालून पाय दुखणारा:
हे आमच्याकडं आधीपासूनच बसवलेलं आहे.

पाण्याचा एक आहे. सगळे त्याचंच कौतुक करतात.
नदी गढूळ होते.
पाऊस लागून राहिला की चढते,
घाटाच्या पायऱ्या एकेक करून गिळते, गल्लीत येते.
नमुन्याचा व्हिडिओ मी पुरता बघितला नाही.
आमच्या कपाटामागं भिंतीवर एक रेघ आहे,
माझ्या खांद्याएवढी.
दोनदा रंग मारला, रंगातून वर आली.
पंचगंगेनं तेव्हाचं मशीन नेलं,
त्यात माझी एक तिरंदाज होती, एक्केचाळिसाव्या लेव्हलची,
वाटेत मध्येच, बर्फात, उभी करून ठेवलेली,
कारण आई जेवायला हाका मारत होती.
अजून तिथंच असेल.

तो मॉड घेतला नाही.
आहे ती नदी निळी, सपाट, काचेच्या तुकड्यासारखी,
काठ सोडत नाही.
मला चालते.

पहिल्यांदा चालू केलं: काळा पडदा.
दुसऱ्यांदा: पडदासुद्धा नाही.
आबा पाणी प्यायला उठले.
"काय बसवतेयस एवढं?"
"डोंगर. ढग. पाखरांचे आवाज."
हसले नाहीत. उसाच्या चरकाला
लुनाचं इंजिन बसवलेला माणूस तो.
जरा वेळ पेटीचा आवाज ऐकत उभे राहिले.
"सगळे बोल्ट एकदम आवळलेस.
निम्मे ढिले कर, चालतंय का बघ.
नाही चाललं तर उरलेल्यातले निम्मे."
आणि तांब्या घेऊन आत गेले.

निम्मे. निम्म्यातले निम्मे.
पावणेचारला सापडला गुन्हेगार:
पहाटेची पाखरं.
मूठभर चिमण्यांनी अख्खं राज्य अडवून धरलेलं.
काढला.

उघडलं एकदाचं.
डोंगरावर उजाडतंय, आवाज कसलाच नाही,
आणि पुढं एक कोरा चेहरा, मला विचारतोय
नाक किती लांब, हनुवटी कशी, भुवया कुठं जुळतात.
खाली रस्त्यावरनं म्हशी निघाल्या गंगावेशीकडं,
कुणाच्या तरी किटलीचं झाकण वाजतंय.

राजा, तू तसाही मेलेलाच आहेस.
मला नऊला शेड उघडायची आहे.
नाकाचं उद्या बघू.