प्रश्न चौदावा

ताळगावच्या पठारावरच्या वर्गात आम्ही चौघं.
मी गुडघे-खांदे बघणारी, फिजिओथेरपीतली,
ओर्लांद घरं बांधणारा, झीनत औषधांची,
तन्वेश आकड्यांचा.
पदवीचं नाव इतकं लांब
की आई शेजारी सांगते, 'बरं जगायचं शिकते ती.'
शेजारी विचारतात, त्याला युनिव्हर्सिटी लागते?

लागते बहुतेक.
फेब्रुवारीत आमच्या वाट्याला आला चोडणचा फेरीधक्का
आणि एकवीस प्रश्न.
चौदावा: एक ते पाच या पट्टीवर
आपण आपल्या जगण्याबाबत किती समाधानी आहात?

कोसेसांवबाय, वय त्रेसष्ट,
डोक्यावर तांबड्या भाजीची पाटी,
म्हणाली, 'किती वाजताच्या?'

रकान्यात वेळ लिहायला जागा नव्हती.

मग बाक करायचं ठरलं.
मी तिच्या गुडघ्याची उंची घेतली, एक्केचाळीस सेंटिमीटर.
झीनतनं रक्तदाबाची गोळी विचारली,
ती कधी घेते, आणि कधी विसरते.
ओर्लांद दिवसभर सावलीच्या मागे खडू घेऊन फिरला.
तन्वेशनं फेरीची वाट बघण्यातली मिनिटं जोडली,
चाळीस वर्षांची,
तर एक अख्खं वर्ष निघालं, नुसतं उभं.
मॅडम म्हणाल्या, प्रबंधात घाला.
तिला सांगू नका.

बाक झाला. आम्ही कडेला उभे, फोटो काढायला.
तिनं शेजारणीच्या मदतीनं पाटी उतरवली,
बाकावर ठेवली नीट मधोमध,
आणि स्वतः उभी राहिली.

'बस गो बाय.'
'बसेन. पण फेरी लागली की
ही परत डोक्यावर कोण देणार? तू?'

मी रोज सात वाजता तिथे नसते.
आणि प्रश्न एकवीस होते,
त्यात ओझ्याचा एकही नव्हता.

ओर्लांदनं घरून फणसाची फळी आणली,
तिच्या खांद्याला लावून खूण केली,
दोन खांबांवर ठोकली. रंग द्यायचा राहिला, राहू दे.

आता ती मान किंचित झुकवते,
पाटी सरकते फळीवर, वाकावं लागत नाही.
चुंबळ सोडून मांडीवर घेते,
बसते, पाय पुढे सोडून.

परवा फेरी आली, फाटक पडलं, लोक चढले.
कोसेसांवबाय उठली नाही.
'जाऊ दे, पुढची आहे,' म्हणाली, आणि मांडवीकडे बघत राहिली.

ही वीस मिनिटं कोणत्या रकान्यात धरायची,
तन्वेश अजून विचारतो आहे.