वरचे दोन दात

माझ्या तोंडात मिसाकचे दोन दात आहेत.
वरचे, अगदी पुढचे.
दोह्याला आलो त्या वर्षी कॅम्पच्या न्हाणीघरात घसरलो
आणि तेव्हापासून माझा 'त' गळायला लागला.
फोनवर आई म्हणायची, तुझ्या बोलण्यात वारा ऐकू येतो रे.

दंतवैद्याच्या मागच्या खोलीत, विस्तवाएवढ्या दिव्याखाली
मिसाकनं ते घडवले,
माझ्या बाकीच्या दातांवरचा चहाचा डाग
हुबेहूब उतरवून.
म्हणाला, फार पांढरे केले तर खोटे वाटतील,
आणि खोटं मला जमत नाही.
मी हसलो. मला तो विनोद वाटला.

मी समोरच्या टायपिंग सेंटरात.
लोकांचे अर्ज भरणं हेच माझं पोट.
मार्चमध्ये एकोणीस दिवस तो दुपारचा जेवत नसे,
दोन वर्षं मी त्याला साखरेचा पेशंट समजत होतो.

मग एकदा बताका नवा करायला आला.
नाव, बापाचं नाव, रक्तगट,
धर्म.
तिथला बाण दाबला की यादी उघडते.
यादीत त्याचा नव्हता.
'इतर' करू?
चालेल, म्हणाला. आणि जरा वेळानं, नको, रिकामा ठेव.
रिकामा रकाना यंत्र घेत नाही.
शेवटी छापलेल्या कागदावर त्यानं स्वतःच,
उजवीकडून डावीकडे,
पाच अक्षरं लिहिली. माझंच पेन घेऊन.

त्याचा बाप उतरला तेव्हा इथला विमानतळ
म्हणजे वाळूतली एक पट्टी होती.
मिसाक इथे जन्मला, इथल्या समुद्रात पोहायला शिकला.
पासपोर्ट मात्र अशा देशाचा,
जिथे त्याच्या आजोबाला बोलवून नेलं
आणि घरी परत दिलं ते फक्त घड्याळ.

चारित्र्याचा दाखला मिळाला नाही.
का, ते खिडकीवरच्या पोराला ठाऊक नव्हतं.
वरून आलंय, एवढंच.
फरनूशनं, त्याच्या बायकोनं, आठ खिडक्या केल्या.
मी म्हटलं, आमच्याकडे याला दाताच्या कण्या करणं म्हणतात.
मिसाक एवढा हसला!
कण्या? कुठल्या मटेरियलच्या?

एका मंगळवारी सेंटरात एक माणूस आला.
पांढराशुभ्र, अदबशीर, अत्तर लावलेला.
त्याला काही टाइप करायचं नव्हतं.
समोरचा तो दातवाला,
तुमच्याशी धर्माचं काही बोलतो का?

सांगता आलं असतं,
की तो एनॅमलबद्दल बोलतो. डाळिंबांबद्दल.
आईची कबर इथे आहे, तिच्या परवान्याला मुदत नाही,
असं एकदाच बोलला, तेही चहा ढवळत.
माझा बताका दीड महिन्यानं संपत होता.
मी म्हणालो,
साहेब, मी त्याला ओळखत नाही.

त, थ, द, ध, न.
शाळेत बेंद्रे गुरुजी छडी आपटत शिकवायचे,
हे दंत्य वर्ण, जीभ दाताला टेकल्याशिवाय निघत नाहीत.
ओळखत नाही.
दोनदा टेकली.

आपलेच दात आपलेच ओठ, म्हणतो आपण.
ओठ तेवढे माझे होते.

जायच्या आदल्या रात्री तो बुटाचा एक खोका देऊन गेला.
आत माझाच जबडा, प्लास्टरचा,
त्या दोन दातांच्या जागी खाचा.
पुढेमागे तुटले तर माप लागेल, म्हणाला,
दुसरा कुणीही करून देईल.
त्याला ते कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही.
तो कुठे पोचला तेही.

खोका प्रिंटरमागे आहे. यादी अजून तशीच आहे.
मार्च येतो. दुपारी मी डबा उघडतो,
जेवतो, नीट चावतो.
आई फोनवर म्हणते,
आता कसं स्वच्छ बोलतोस.