पासंग

वहीचा पुठ्ठा बुटांच्या खोक्याचा.
दोरा हिरुतच्या आईचा, नेतेलाची किनार शिवून उरलेला.
पानं छापखान्याच्या कापाकापीतली:
मागे कुणाच्या तरी लग्नाची अर्धी पत्रिका,
पुढची बाजू माझी.

आमच्या आदिसमध्ये चौकांना वजनांची नावं आहेत.
अरात किलो, अमिस्त किलो, सिदिस्त किलो.
चार, पाच, सहा.
कशाचे किलो, असं विचारलं
की म्हातारे आधी एकमेकांकडे बघतात.

चित्रशाळा पाच किलोपाशी.
फाटकाबाहेर गेरेमेव बसतो,
न्हाणीघरातला गुलाबी वजनकाटा पुढ्यात मांडून.
तीन बिर द्या, चपला काढा, उभे राहा.
परवा एक पाद्री छत्रीसकट उभा राहिला
आणि छत्रीचं वजन कोण भरणार
यावर बराच वेळ वाद चालला.

मी गेरेमेवला काढते कारण तो हलत नाही.
बाकीचं शहर थांबतच नाही माझ्यासाठी.
निळी मिनीबस येते, माझी रेघ दारापर्यंत पोचते,
दारात लोंबकळणारा पोरगा ओरडतो
मेगेनान्या, मेगेनान्या,
आणि पानावर उरतं नुसतं एक कोपर,
कुणाचंही असू शकेल असं.
बांधकामांभोवतीच्या निलगिरीच्या बल्ल्या तेवढ्या उभ्या राहतात,
वाकड्यातिकड्या, खिळ्यांनी ठोकलेल्या,
मीच काढल्यासारख्या.

ताम्रात सर वही चाळतात अंगठा ओला करून,
नोटा मोजाव्या तशी.
"हात कुठे आहेत? सगळ्यांचे खिशात का?"
मग म्हणतात, बल्ल्या ठीक.
तुझी माणसं मात्र बल्ल्यांच्या पासंगालाही पुरत नाहीत.
हिरुत हसते. मीही हसते,
आणि रात्री खोलीवर बारा हात काढते.
बाराही माझे. बाराही डावे,
उजव्यात पेन्सिल होती.

पागुमेचा तिसरा दिवस.
तेरावा महिना, पाचच दिवसांचा,
शिंप्याकडे उरलेल्या तुकड्यासारखा.
शाळा बंद. गेरेमेवपुढे गिऱ्हाईक नाही.
मी आज काटाच काढते, जवळून:
गोल काच, तिला गेलेला तडा, आतले आकडे.
सुई शून्यावर ठेवते.

तो उठून येतो.
त्याला चालताना मी प्रथमच बघते,
एक पाय जरा मागे राहतो, नाइलाजाने आल्यासारखा.
वहीला हात लावत नाही,
दोन्ही हात पाठीमागे बांधून वाकतो
(आता काढ म्हणावं हात).
"हा माझा काटा नाही."
आहे की, मी म्हणते.
"माझा शून्यावर बसत नाही, मुली.
वर कुणी नसलं तरी दोन दाखवतो.
नऊ वर्षं झाली.
मी प्रत्येकातून दोन वजा करून सांगतो."

जाऊन बघते. दोन.
रोज येता-जाता काढला होता,
आणि रोज त्याला शून्य देऊन मोकळी झाले होते,
काट्यांचं असतंच म्हणून.

दुरुस्त का नाही करत?
"खाली स्क्रू आहे. फिरवला की बसेल.
मग उद्या पुन्हा सरकला तर मला कळायचं कसं?
आत्ता निदान माहीत आहे, कितीने चुकतो."

खोडरबर नव्हतं.
शून्यावरची सुई तशीच ठेवली,
तिच्याशेजारी दुसरी काढली, दोनवर.
आता माझ्या वहीतल्या काट्याला दोन सुया आहेत
आणि तो घड्याळासारखा दिसतो.

"ये, उभी राहा."
वहीसकट?
"वहीसकट."
त्रेपन्न. त्याचे ओठ हलले. "एक्कावन्न."
वही खाली ठेवली. सुई ढिम्म.
पैसे मात्र त्याने तीन बिर पुरते घेतले,
त्यातून काही वजा केलं नाही.

खोलीवर येऊन बारा हात पुन्हा उघडले.
सगळे मनगटापाशी थोडे आत वळलेले,
एकाच बाजूला, एकसारखे.
किती, ते पट्टी लावून पाहिलं नाही अजून.
पट्टी हिरुतकडे आहे.
उद्या पागुमे चार.