भिंतीला सांगायचं राहिलं

संगणकाच्या खोलीची किल्ली माझ्याकडं असते.
अठ्ठावीस किल्ल्यांत तीच एक पिवळी.
वसमतला तसं सगळंच थोडं थोडं पिवळं असतं
मोंढ्यात हळदीचा लिलाव सुरू झाला की.

सहा संगणक. चालू चार.
एकाचा माऊस नागसेन घरून आणतो,
दप्तरात, जेवणाच्या डब्याशेजारी.
नव्या मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
इथं खेळायचं नाही, खेळ करायचा.
त्या वाक्यानं पोरं आठवडाभर गप्पच झाली.

मग सुटली.
नागसेनची शेळी सोमवारच्या बाजारात घुसली,
मेथीच्या दर जुडीला एक गुण.
तिला थांबवायचं कसं, ते त्याला ठाव नव्हतं.
शेळी खातच राहिली,
गुण चार हजारांवर गेले, लाईट गेली,
तरी हा काळ्या पडद्याला नाक लावून:
आत अजून खाऊलालीय ती.

शिवकांताची आई ब्लाऊज शिवते.
तिच्यासाठी पोरीनं ॲप केलं,
मापं घातली की कापड किती लागंल ते सांगणारं.
पहिल्याच ब्लाऊजला त्यानं
नव्वद मीटर सांगितलं.
आई म्हणली, गिऱ्हाईक हत्तीण हाय का गं?
एक टिंब हुकलं होतं.
एवढंसं टिंब, तिळाएवढं,
हुडकायला दोन दुपारी गेल्या,
अन् घावल्यावर जी आरोळी उठली
त्यात मी घंटा विसरलो.
शाळा सात मिनिटं उशिरा सुटली.
हेडसरांचं ऐकून घेतलं. घ्यावंच लागतं.

सुमय्या फार बोलत नाही.
फरशी पुसत होतो, तर म्हणली,
काका, माझा खेळ खेळून बघता?
मला कुठं येतंय, म्हटलं.
म्हणूनच तर.
येणाऱ्याला चूक दिसत नसती.

पडद्यावर एक माणूस.
डोक्यावर टोपी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा,
चालताना डावा पाय जरासा ओढतोय.
मी काही म्हटलं नाही.
तिनंही नाही.

बाणाचं बटण दाबायचं, की तो चालतो.
माझं बोट घंटेच्या सवयीचं,
दाबलं ते जोरात,
गडी सुसाट निघाला अन् भिंतीतून पार!
अगं, भिंतीतून गेला की हा.
तिनं कपाळाला हात लावला.
भिंतीला सांगायचं राहिलं, काका.
काय सांगायचं भिंतीला?
की तू भिंत आहेस.
नाही सांगितलं तर तिला कळत नाही.

थांब, म्हटलं. जाऊ दे त्याला जरा.

हेडसरांच्या खोलीतून गेलो, दार न वाजवता.
पाण्याच्या टाकीतून गेलो, कोरडाच.
भांडारातून, मुलींच्या व्हरांड्यातून,
दोन आडव्या रेघा ओलांडून
सातवी ब.

हळद शिजवायला चाललोय,
महिनाभरात येतो सर,
असं सांगून गेलो होतो ह्याच वर्गातून,
सत्त्याऐंशी साली.
नंतर आलो तो नोकरीवर. झाडायला.

तिनं बाक मांडलेत, तपकिरी चौकोन नुसते.
तिसऱ्या ओळीत एक मोकळा.
बसायचं बटण कोणतं गं?
बसायचं ठेवलंच नाही मी, ती म्हणली,
शिपाई कुठं बसतात?
म्हणाली खरी, अन् मग नुसती बघत राहिली माझ्याकडं.
मग खटखट, खटखट, ओढणीचं टोक दातात धरून.
आता ते खालचं लांब बटण दाबा. हळू.

हळू दाबलं.

भिंत दुरुस्त करू का, काका?
उद्या कर, म्हटलं.

सांजंला पंखे बंद केले, खिडक्या लावल्या,
पिवळ्या किल्लीनं कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं.
फाटकापाशी आल्यावर ध्यानात आलं,
सगळं बंद केल्यावर तो उठून जातो,
का बसूनच राहतो आत,
हे विचारायचं राहिलं.