मूळ गाव

पाचगावच्या माळावर रात्री दहाला बोअरची गाडी आली,
तिरुचेंगोडची, दोन अवजड लॉऱ्या,
आणि पहाटेपर्यंत गल्लीतल्या तुळशी राखाडी झाल्या.

शिदू पाणाड्यानं तळहातावर नारळ आडवा धरला होता.
नारळ उभा राहिला तिथं चुन्याची फुली.
पळनीसामीनं फुलीवर रॉड टेकवला.
त्याला मराठी शब्द येतात तीनच:
दगड, पाणी, पैसा.

शेजारच्या मगदूम बाई,
कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या लॅबमध्ये
चौतीस वर्षं दगडांना नंबर चिकटवून निवृत्त झालेल्या,
स्वेटर घालून, खुर्ची टाकून बसल्या.
मांडीवर पेढ्यांचे रिकामे पुडे.
दर दहा फुटांना एक चिमूट,
वर बॉलपेनानं आकडा.

वीस फूट, मुरूम.
तीस, काळा.
चाळीसही काळा, साठही, शंभरही,
फुटाचा दर मनात गुणत मी गप्प.
मग पाइपातून एकदम तांबडं उसळलं,
कुंकवाचा करंडा लवंडावा तसं,
माझ्या बनियनवर, बाईंच्या चष्म्यावर.

"पाणी लागलं?"
"वेळ लागला," बाई म्हणाल्या, चष्मा न पुसता.
एक लाव्हा आला, निवला.
दुसरा यायच्या आधी इथं माती व्हायला सवड मिळाली,
ऊन, पाऊस, कदाचित मुळं.
मग वरून पुन्हा आग,
आणि ती माती कुंभाराशिवाय भाजली गेली.

"आणि इथं म्हणू नका.
हे इथं झालेलंच नाही."

तेव्हा हा माळ विषुववृत्ताच्या पार खाली होता,
जिथं आज रियुनियनचं बेट समुद्रात धुमसतं त्या बाजूला.
मादागास्कर आधीच वेगळं झालेलं,
भावकीतल्या वाटणीसारखं, बांध समुद्राचा.
मग जमीन उत्तरेला निघाली,
वर्षाला वीतभर, कधी त्याहून कमी.
वाटेत विषुववृत्त लागलं. तिथल्या दमट उकाड्यात
काळ्या कातळातलं धुऊन जाण्यासारखं धुऊन गेलं,
उरलं ते गंजलं.
पन्हाळ्याच्या डोक्यावरचा जांभा म्हणजे तो गंज,
राधानगरीकडच्या पठारावरून ट्रक भरभरून जाते तीही त्याचीच भावंडं,
तुमच्या घरातलं अॅल्युमिनियमचं पातेलं
निम्मं त्या उकाड्याचं आहे, बाई म्हणाल्या.

मी पातेल्याचा विचार करत राहिलो.
दूध उतू जातं तेच.

लॅबमध्ये एक यंत्र होतं त्यांच्या.
कातळात लोखंडाचे बारीक कण असतात,
थिजताना जी दिशा होती तीच धरून बसलेले.
कातळाला विचारायचं, मूळ गाव?
तो दक्षिणेचा पत्ता सांगायचा.
कितीही वेळा विचारा, तोच.

रेशन कार्डाच्या अर्जावर मी लिहितो: मु. पो. गारगोटी.
वडील आठव्या वर्षी तिथून निघाले.
मला तिथली एक गल्ली आठवते, आणि बहुतेक तीही चुकीची.

दोनशे साठला पाणी लागलं. दीड इंच.
शिदू म्हणाला, "बगा, म्हटलं न्हवं?"
बाईंनी शेवटचा पुडा मिटला,
तांबडा असलेला पुडा मात्र उघडा ठेवून
जिभेच्या टोकाला चिमूट लावली,
तोंड वाकडं केलं, हसल्या.

पळनीसामी रॉड धुऊन चढवत होता,
कानात धूळ, भुवयांवर धूळ.
मी हातानंच विचारलं, आता कुठं?
त्यानं हात वर केला, कऱ्हाडच्या दिशेला,
उत्तरेला,
आणि गाडी सुरू केली.