खरं, म्हणजे पण

सोमवारी फळ्यावर मी प्रकार लिहिले:
वर्णनात्मक, कथनात्मक, तुलनात्मक,
कार्यकारण, प्रक्रिया, वादनिबंध.
खाली पाच चौकोन काढले.
पहिल्यात प्रस्तावना, मधल्या तिन्हींत एकेक मुद्दा,
शेवटच्यात निष्कर्ष. आणि चौकोनांच्या फटीत
जोडशब्द: म्हणून, याउलट, तथापि.
तथापि म्हणताना मागच्या बाकावर कुणीतरी शिंकलं.

आज स्टाफरूममध्ये बी.ए. भाग एकचा गठ्ठा.
'माझे गाव' सतरा, 'मोबाईल: शाप की वरदान' नऊ.
एकीनं बेळगाव आणि पुण्याची तुलना घेतली आहे
आणि दोन्हीकडची हवा चांगली म्हणून सोडून दिली आहे.

मग वैजनाथ बेळगुंदकर.
'उद्यमबागेत लोखंडाचा साचा कसा करतात.'
प्रस्तावना नाही. थेट वाळू.

'काळी वाळू चाळून घ्यावी. ओल हातानं बघावी.
मूठ वळली पाहिजे खरं बोटांना चिकटू नये.
खालच्या पेटीत लाकडाचा नमुना ठेवून वाळू ठोकावी,
घट्ट ठोकावी खरं दगड करू नये.
मग तारेनं भोकं पाडावीत. वाफेला वाट लागते.
भोकं पाडलेली असतात खरं एखाद्या दिवशी
वाळूत पाणी जास्त होतं.'

इथं प्रक्रिया संपते, आणि परिच्छेद न बदलता
कारण सुरू होतं: दुसरी पाळी, वाळू मळणारा नवा पोरगा.
परिणाम: बाचा डावा पाय, घोट्यापासून खाली.
सात आठवडे खाट, एक म्हैस गेली.
पुढच्याच ओळीत वादनिबंध:
'मालक म्हणतात बूट दिले होते.
दिले होते खरं दोन्ही उजव्या पायाचे.'

मी समासात लिहिलं: आधी प्रकार ठरवा.
प्रत्येक 'खरं'भोवती लाल वर्तुळ काढलं,
वर लिहीत गेले: पण. पण. पण.
अकरा झाले.

समोर हिरेमठ सर कन्नडचे पेपर तपासत होते.
'आमच्याकडं बी तेच,' म्हणाले,
'आदरे लिहा म्हटलं तर खरे लिहितात.'
त्यांचं पेन हिरवं आहे.

एम.ए.च्या पहिल्या सेमिनारला, पुण्यात,
मी म्हणाले होते, 'कविता चांगली आहे खरं लांब आहे.'
सरांनी विचारलं, खरं चांगली, की खरं लांब?
वर्ग बराच वेळ हसला.
त्या रात्री मी 'परंतु' पाठ केलं,
चुलत्याच्या घरचा पत्ता पाठ करावा तसं.
आई अजून कडोलीहून फोन करते.
'मी जेवलो. तू येतो म्हटलीस खरं...'
आणि थांबते.
मी तिथं 'परंतु' घालून बघितलं आहे. बसत नाही.

वैजनाथचा निबंध पाचव्या पानावर तुटतो.
पिनेखाली फाटलेल्या कागदाचा एक दात तेवढा.

मंगळवारी त्याला बोलावलं.
'निष्कर्ष कुठं आहे?'
'लिहिला होता मॅडम.'
'खरं?' मी विचारलं.
मला विचारायचं होतं, खरंच का.
त्याला ऐकू आलं, पण काय झालं.
म्हणून त्यानं उत्तर दिलं:
'बा म्हटला, ते पान काढ. मी अजून तिथंच जाऊलोय.'

लाल शाई खोडता येत नाही.
मार्कांचा रकाना मी तसाच ठेवला आहे.
घंटा झाली. वर्गात जाऊन मला शिकवायचं होतं:
निष्कर्ष कसा लिहावा.